ठोकळ्याचा वारा

ठोकळा पाडायचा की ठेवायचा, यावर विद्यापीठाची बैठक चांगलीच तापली होती. भूगोलाचे निवृत्त सर बोलायला उठले आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मान खाली घातली.

ठोकळा म्हणजे विद्यापीठाचा उंच मनोरा. नुसतं उघडंबोडकं काँक्रीट, रंगाचा पत्ता नाही. पायथ्याशी वारा असा सुटायचा की हातातले कागद उडून थेट सायकल स्टँडच्या कोपऱ्यात जायचे. त्यावरून मुलांनी रीतच पाडली होती. कोपऱ्यात ज्याला कागद सापडतील, त्याला कागदवाल्याने कॉफी पाजायची. कोपऱ्याच्या अलीकडे सापडले तर कॉफी नाही. कित्येकांच्या ओळखी अशाच जुळल्या होत्या.

"हिचा प्रबंध उडाला," सर सांगत होते, "तो मी कोपऱ्यातून आणून दिला. आमचा संसार त्या कॉफीवर उभा आहे. ठोकळा बेढब आहे, कबूल. पण दिसण्यावरच जायचं, तर मला तरी कोणी पसंत केलं असतं?"

सभागृहात हशा पिकला. भराभर हात वर झाले आणि ठोकळा वाचला.

बाहेर पडताना बाईंना आनंद झाला होता, पण मन खात होतं. त्या दिवशी फाइलची नाडी त्यांनी स्वतःच सोडली होती. हा लाजराबुजरा मुलगा रोज तिथे घुटमळायचा आणि तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ. पुढचं काम वाऱ्यावर सोपवून त्या मागे न बघता तडक पायऱ्या चढल्या होत्या. जरा वेळाने कोपऱ्यातून हाक आली. एकही पान चुरगळलेलं नव्हतं, सगळी नीट क्रमाने लावलेली. मुलगा टापटिपीचा आहे, हे त्यांना तेव्हाच आवडलं होतं.

"अहो," पायथ्याशी येताच त्या म्हणाल्या, "एक सांगायचंय. हसू नका. ते कागद वाऱ्याने हातातून उडाले नव्हते. मीच सोडले होते."

"ठाऊक आहे," सर म्हणाले.

"ठाऊक आहे? आणि तरी भर सभेत वाऱ्याचे गोडवे गाता?"

"मग काय सांगू? त्या दिवशी वारा पडलेला होता. तुझे कागद इथंच पडले, एकही हलला नाही. कोपऱ्यापर्यंत मी नेले."