शिडीवरचं माप

मावशीनं कात्री उघडली आणि लेकीनं कापडावर तळहात पसरला.

"हात काढ. बोट जाईल."

"थांब जरा, मावशी."

"आता कसलं थांब? टाचण्या लावून झाल्या, खडूची रेघ मारून झाली." मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला. "कापायचं मी, शिवायचं तू, असंच ठरलंय ना आपलं?"

ठरलं तसंच होतं. लेकीला मशीनवर टीप सरळ मारता यायची, पण कापड बेतायचं काम या घरात आईचं. आईला जाऊन चार महिने झाले होते. टेबलावर पसरलेलं गडद निळं कापड तिनंच लेकीसाठी आणून कपाटात ठेवलं होतं. एका कुडत्यापुरतं. चुकलं तर दुसरं नव्हतं.

म्हणून आईची धाकटी बहीण सकाळीच स्वतःची कात्री घेऊन आली होती. तीस वर्षं दोघींनी याच खोलीत शिवणकाम केलं होतं. भिंतीवरच्या खिळ्याला आईचे कापड बेतायचे कागद टांगलेले होते. तपकिरी, कडांना मऊ पडलेले, कुणाच्या मापाचे ते प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. लेकीच्या नावाचे तीन होते. त्यातला बंद गळ्याचा मावशीनं कापडावर लावला होता.

"हा नको असेल तर चौकोनी गळ्याचा घे. नाहीतर कॉलरचा. तिन्ही ताईच्या हातचे आहेत. एक निवड आणि संपव विषय."

लेकीनं टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या. मग तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात तीन गळे वेगवेगळे दिसले. घेरही वेगवेगळे. बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई मात्र एकच होती. तिन्ही कागदांची मिळून एकच रेघ.

"मुंढा बघ," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? अंगाला कसा चोपून बसतो. तीस वर्षांत ताईच्या मुंढ्याला कुणी नाव ठेवलेलं नाही."

"उभं राहिलं की बसतो. हात वर केला की उसवतो." लेकीनं अंगातल्या जुन्या कुडत्याची काख दाखवली. तिथे शिवणीवर शिवण चढली होती, निळ्या दोऱ्यावर काळा, काळ्यावर तपकिरी. "दर रविवारी आई हे शिवून द्यायची. परत तेवढंच घट्ट."

"मग एवढा वर करतेस कशाला हात?"

"लोकांच्या छताला विजेच्या तारा ओढते मी, मावशी."

"माहितेय, माहितेय. साऱ्या गल्लीला माहितेय. खांद्यावर शिडी टाकून फिरणारी पोरगी एकच आहे." मावशीनं खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले. "ताईनं घेतलेलं शेवटचं कापड आहे हे. ते तिच्या मापानं नाही कापायचं, तर कुणाच्या?"

"माझ्या."

"अगं, हे तुझंच माप आहे!"

"हे उभं करून घेतलंय. हात खाली, पोट आत, श्वास धरून. दिवसभरात मी अशी असते कधी?"

"मापं अशीच घेतात. उद्या म्हणशील झोपून घे."

"झोपायचे कपडे शिवायचे असतील तेव्हा म्हणेन."

मावशीला हसू आलं. तिनं ते गिळलं.

"ताई गेली, आणि आता तिच्या चुका काढायला बसलीस," ती म्हणाली.

लेकीनं काचेवरचे कागद उतरवून त्यांच्या कडा जुळवल्या.

"दवाखान्यात तिला तो ढगळ झगा घातला होता. आठवतो?"

"न आठवायला काय झालं? ना शेंडा ना बुडखा त्या झग्याला."

"दुसऱ्या दिवशी तिनं त्यात हात वर केला. सलाइनचा नाही, दुसरा. पार डोक्याच्या वर नेला. मला म्हणाली, बघ गं, कुठेच ओढत नाही. मग कितीदा तरी करून बघितला."

मावशीनं नकळत स्वतःचा हात उचलला. ब्लाउजची काख ताणली आणि तो खांद्याच्या रेषेत येऊन अडला. तिनं तो खाली घेतला आणि टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करू लागली.

लेकीनं तिन्ही कागद पुन्हा खिळ्याला अडकवले, नाव लिहिलेली बाजू समोर. कोपऱ्यातली शिडी आणून टेबलाशेजारी उघडली, तिसऱ्या पायरीवर चढली आणि दोन्ही हात छताला टेकवले.

"घे माप."

"तंबू होईल त्याचा, तंबू!"

"होऊ दे."

मावशी टेप घेऊन आली. टाचा उचलूनही पुरेना, तेव्हा पुटपुटत चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर चढली. शिडी कुरकुरली. तिनं टेप लेकीच्या काखेखालून फिरवून पुढे आणला आणि सवयीनं म्हणाली, "श्वास धर."

लेकीनं छाती भरून श्वास घेतला. मावशीच्या चिमटीतून टेप सरकला. एक इंच, मग आणखी अर्धा.

"आता आकडा वाच," ती वरून म्हणाली.