खारं धुवण

पृथ्वीवर नारळाची सोडणं खाडीत कुजवतात, म्हणून त्यांच्या भुशापासून बनून मंगळावर पोहोचलेल्या कोकोपीटच्या विटेतही मीठ असायचं. कांचनने वीट गोड्या पाण्यात भिजवून पिळली, नाहीतर टोमॅटोची रोपं करपली असती. खारं धुवण लगेच गाळणीयंत्रात ओतायचा नियम होता. तिने ते घमेल्यात भरून आजारी वडिलांच्या खाटेशी आणलं.

"आबा, पाय सोडा यात."

उभा जन्म होडीत काढलेल्या आबांनी चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्यांनी पाय बुडवले, ओलं बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"हा आपल्या वेळणेश्वरचा नाही गं," ते म्हणाले. "दक्षिणेकडचा कुठला तरी दिसतोय."

कांचनचा चेहरा उतरला.

"असू दे. समुद्र तो समुद्रच. वाढ जेवायला."