समरकंदचा नमस्कार

नंदलाल शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराला खेटून उभा होता. चपला त्यानं पायातच ठेवल्या होत्या. त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं दोनदा मागे वळून शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. त्यानं नुसती मान हलवली.

समोरच्या भिंतीवर त्यांच्या मुलीनं, रंजितानं बनवलेली फिल्म दिसणार होती. हिंदी सिनेमा परदेशात कुठे कुठे जाऊन पोचला, त्याची डॉक्युमेंटरी. शिक्षिकेचा कोर्स अर्ध्यावर सोडून पोरगी सिनेमा शिकायला पुण्याला निघून गेली, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून नंदलालनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. परवा ती आंधळगावला आली आणि दोन दिवस सगळं बोलणं कौशल्याबाईमार्फत झालं.

"आई, बाबाले म्हन, फिल्म पाहाले या."

"तिले सांग, मागावर लुगडं हाय. मले टाइम नाही."

संध्याकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती. शेवटी कौशल्याबाईच चिडली. "अजी, करडी गावावरून लोक येऊन राहिले पाहाले, अन् घरचाच मानूस नाही?" म्हणून तो आला. पाच मिनिटं उभं राहून निघून जायचं, असं ठरवूनच.

खिडक्यांवर सतरंज्या टांगून दुपारचं ऊन अडवलं होतं. फिल्म सुरू झाली. नायजेरियातल्या मुली डोक्यावर ओढण्या घेऊन हिंदी गाण्यावर नाचल्या. कैरोतल्या एका न्हाव्यानं गिऱ्हाइकाला विचारलं, कोणत्या हिरोसारखे कापू? इंडोनेशियातल्या लग्नात नवरदेवाच्या मामानं अख्खं गाणं म्हटलं आणि मग कबूल केलं, की त्यातला एक शब्दही आपल्याला कळत नाही. हॉल हसत होता. किराणावाला सेवकराम पुढून ओरडला, "अबे, हे तं आपल्या वरातीत वाजते!"

नंदलालचा हात दाराच्या कडीवर गेला.

तेवढ्यात समरकंद आलं. उझबेकिस्तानातलं शहर, असं खाली लिहून आलं. काळी टोपी घातलेला एक म्हातारा धगधगत्या भट्टीत खांद्यापर्यंत हात घालून जाड, गोल रोट्या काढत होता. हातावर एक केस राहिला नव्हता, सगळे जळून गेलेले. रोटी काढताना तो तिच्याकडे पाहतही नव्हता. बोटांनाच कळत होतं. नंदलालला ते बरोबर समजलं. मागावर धोटा फेकताना तोही पाहत नसे. त्यानं कडी सोडली.

म्हातारा हिंदी बोलत होता. सगळी सिनेमातून शिकलेली. "मेरी माँ आखिरी रील कभी नहीं देखती थी," तो सांगत होता. "बाहर जाकर बैठती, रोती. फिल्म छूटती तो मुझसे पूछती, वो बेटा घर लौटा कि नहीं?"

मग त्यानं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "और तुम, बेटी? तुम किसकी बेटी हो?"

भट्टीचा आवाज तेवढा येत राहिला. नंतर कॅमेऱ्यामागून रंजिताचा आवाज आला. "नंदलालजी की. आंधळगाव के. कपड़ा बुनते हैं."

"अच्छे कारीगर हैं?"

"उनके जैसा हाथ मैंने कहीं नहीं देखा."

हॉलमधली डोकी एकेक करून दाराकडे वळली. लॅपटॉपपाशी बसलेली रंजिता मात्र वळली नाही.

म्हाताऱ्यानं हाताचं पीठ झटकलं. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला आणि त्यानं हात जोडले. "नंदलालजी, प्रणाम. आपकी बेटी हमारे घर है. ठीक से खाती है. आप चिंता मत कीजिए."

दाराशी उभ्या नंदलालनं दोन्ही हात जोडले. आपण हे केलं, ते त्याला नंतर कळलं. हात तसेच जोडलेले राहिले आणि भिंतीवर दुसरा देश सुरू झाला. मग त्यानं चपला दाराबाहेर काढल्या आणि तो कौशल्याबाईच्या शेजारी येऊन बसला.

फिल्म संपली. सतरंज्या उतरल्या, ऊन आत आलं. लोक रंजिताभोवती जमले, फोटो काढले, पांगले. सगळे गेल्यावर नंदलाल तिच्या टेबलापाशी गेला.

"तो मानूस चांगला हाय ना? तब्येतीनं?"

रंजितानं सवयीनं आईकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहून राहिली?" कौशल्याबाई म्हणाली. "तुले इचारलं त्याइनं."

"हाव, बाबा," रंजिता म्हणाली. "चांगला हाय. तो फोन करते कधी कधी."

"त्यानं मले नमस्कार केला. एवढ्या दुरून. आपल्याकडून काही जवाब गेला का त्याले?"

"नाही गेला."

"मंग लाव ना फोन. काहून थांबली?"

तिनं फोन लावला. रिंग जात राहिली. नंदलालनं गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, शर्टाचं वरचं बटण लावलं. स्क्रीनवर काळी टोपी दिसली, मग टोपीखालचा तो चेहरा. रंजितानं उझबेकी भाषेत दोन शब्द सांगितले आणि फोन बापाच्या हातात दिला.

नंदलालनं तो दोन्ही हातांनी धरला. समरकंदपर्यंत ऐकू जावं, एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला,

"नमस्ते जी. मैं रंजिता का बाप बोल रहा."