उघड्या डोळ्यांची बाई

“मावशी, डोळे!”

चित्रासाठी खुर्चीत बसलेली इझाबेल दचकली. “मिटले होय? नाही ग बाय, जागीच आहे मी.” एवढं बोलली आणि तिच्या पापण्या पुन्हा भरल्या होडीसारख्या हलके हलके खाली बसल्या.

लिडियाने कपाळावर हात मारला. आगाशी गावाजवळच्या वाडीत राहणाऱ्या या चित्रकार मुलीचं मुंबईत नाव झालं होतं ते मिटल्या डोळ्यांच्या बायकांमुळे. लाल लुगड्यातल्या, मांडीवर हात सोडून बसलेल्या, कुठल्याशा लांबच्या गावी गेलेल्या बायका. चित्रांपुढे लोक कुजबुजत, ‘काय बरं स्वप्न बघत असेल ही?’ स्वप्न कसलं नि काय! पहाटे तीनला उठून भाजीच्या पाट्या भरणारी बाई खुर्चीत बसवली, की ती दुसरं काय करणार?

पण आता गॅलरीवाल्याचं पत्र आलं होतं. ‘मिटलेले डोळे पुष्कळ झाले. सोमवारपर्यंत उघड्या डोळ्यांची एक तरी बाई आणा, नाहीतर मार्चचं प्रदर्शन दुसऱ्याला देतो.’

आज शनिवार.

लिडियाने कडक चहा पाजला. रेडिओ मोठा केला. शेजारच्या क्लाराच्या लेकीचं ठरलेलं लग्न कसं मोडलं, ते मीठमसाला लावून सांगितलं. इझाबेल म्हणाली, “अग बया!” आणि त्या बयेवरच घोरू लागली.

“मावशी, पाया पडते तुमच्या! झोपलात तर माझं प्रदर्शन गेलं!”

पोरीचा रडवेला चेहरा बघून इझाबेलला कसंसंच झालं. “तुझ्या गळ्याची शपथ, आता नाही मिटणार.”

आणि तिने डोळे उघडले. टक्क उघडले. लिडियाचा कुंचला धावू लागला.

पण ते डोळे काही जागेवर ठरेनात. दारातून निघाले ते थेट समोरच्या इझाबेलच्या बागेत.

“पाणी फुकट चाललंय बघ केळीत. मेल्या गड्यांनी दारं मोडून पुढच्या वाफ्यात वळवलंच नाही अजून!”

“असू द्या मावशी.”

“पडवळाचा वेल लोळतोय. कोंबडी शिरली वाफ्यात. हाऽड!”

“मावशी, बसा ना!”

“बसू कशी, बाय?” इझाबेलने लुगडं खोचलं. “डोळे उघडले की कामं दिसतात. मिटले तरच बसता येतं बाईला.”

आणि ती गेलीसुद्धा. पायऱ्या उतरून, कोंबडीला शिव्या घालत.

लिडिया खुळ्यासारखी दाराकडे बघत राहिली. मग एकटीच खुदकन हसली आणि तिने नवा कॅनव्हास घेतला.

सोमवारी गॅलरीवाल्याने चित्रावरचा कागद सोडला. सताड उघडं दार, दारातून आत आलेलं ऊन आणि त्या उन्हात एक रिकामी खुर्ची.

“बाई कुठाय?” त्याने विचारलं.

लिडियाने चित्राच्या कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं: ‘इझाबेल, डोळे उघडे असताना.’