कोण आठवण काढतंय

सासूबाई देवासमोर जपाला बसल्या आणि त्यांना उचकी लागली.

"कुणीतरी आठवण काढतंय, आई," धाकटी सून हसली. तिने एकेकाचं नाव घेऊन पाहिलं. लेक झाली, जावई झाले, भाऊ झाला. उचकी काही थांबेना.

एक नाव या घरात कुणी घेत नसे. काही वर्षांपूर्वी थोरली सून मागच्या खोलीत तापाने फणफणली होती, पाणी मागत होती. "जप होऊ दे," सासूबाई म्हणाल्या होत्या. जप झाला तोवर तिचं मागणं कायमचं थांबलं होतं.

धाकटीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याकडे बघत सासूबाईंनी मनातल्या मनात थोरलीचं नाव घेतलं.

उचकी थांबली.

आणि मागच्या कुलूपबंद खोलीत कुणालातरी उचकी लागली.