खांबावरचा माणूस

खांबावरचा कागद शोभाने नखाने खरवडून काढला, तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि तिला तीन फोन येऊन गेले होते. कागदावर काळ्या चौकटीत एक फोटो. झुपकेदार मिशा, केसाळ टोपी, छातीवर काडतुसांचे दोन पट्टे, हातात बंदूक. खाली न कळणारी लिपी, आणि कळणारे दोनच आकडे : १९०३, २००३.

"शोभा, हू इज दॅट मॅन?" समोरच्या लिंडाने फोनवर विचारलं होतं. "पोलिसांना कळवू का?"

अकरा सप्टेंबरला दोन दिवस राहिले होते. ओहायोतल्या डब्लिनच्या त्या गल्लीत असला माणूस खांबावर लागणं कुणालाच परवडणारं नव्हतं, शोभाला तर मुळीच नाही. दोन वर्षांपूर्वी दारावर सर्वांत आधी अमेरिकेचा झेंडा लागला तो तिच्याच घरी. राजाराम, तिचा नवरा, धावत जाऊन घेऊन आला होता. आता ती रहिवाशांच्या असोसिएशनची सेक्रेटरी होती. हरवलेल्या मांजराखेरीज खांबावर काही लावायचं नाही, हा नियमही तिच्याच सहीचा.

कागद कुणाचा ते शोधावं लागलं नाही. शेवटच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या बल्गेरियन स्तोयानच्या दारावर तस्साच दुसरा चिकटवलेला होता. पर्समध्ये नोटीस आणि हातात कागद घेऊन तिने बेल दाबली.

स्तोयानने दार उघडलं, तिच्या हातातला कागद पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"आलीस," तो म्हणाला. "कुणीतरी आलं."

आता याला काय म्हणावं! दटावायला गेलेल्या बाईला त्याने पाहुणी समजून खुर्चीत बसवलं. टेबलावर सहा वाट्या मांडलेल्या. उकडलेले गहू, त्यावर पिठीसाखर आणि अक्रोड. आपल्या गव्हाच्या खिरीचा कोरडा भाऊच. सहाही वाट्या भरलेल्या होत्या, एकीलाही चमचा लागलेला नव्हता.

"त्याच्या नावाने खा," स्तोयान म्हणाला. वाटी हातात आल्यावर नोटीस कुठून काढणार? शोभा खात राहिली.

त्याचं इंग्रजी मोडकं, तिचंही काही इस्त्रीचं नव्हे. पण कळत गेलं. फोटोतला तो त्याचा आजोबा, दिमो. डोंगरातल्या एका गावात शाळामास्तर. सुलतानाच्या राज्याविरुद्ध उठाव झाला तेव्हा त्याने सदतीस माणसं गोळा केली, आणि मास्तरचा वोयवोदा झाला, म्हणजे बंडखोरांचा म्होरक्या. वीस दिवस ते गाव स्वतंत्र होतं.

"वीस दिवसांत केलं काय त्यांनी?" शोभाने विचारलं.

"शाळा उघडली. बंदूक खुंटीला अडकवून रोज सकाळी घंटा वाजवायचा. माणसं चिडायची. म्हणायची, मास्तर, फौज येतेय, खंदक खणायचं सोडून हे काय? तो म्हणायचा, खंदक खणायचे ते कशासाठी?"

एकविसाव्या दिवशी फौज आली. गाव जळालं. दिमोने बायकापोरांबरोबर आपली माणसं सरहद्दीपलीकडे धाडली आणि स्वतः घाटात मागे राहिला. त्याचं प्रेत मिळालंच नाही.

"थडगं नाही, म्हणून आजी दरवर्षी कागद लावायची," स्तोयान म्हणाला. "दारावर, झाडावर, विहिरीवर. आमच्यात रीतच आहे तशी. मग बापाने लावला, मग बहिणीने. बहीण गेल्या वर्षी गेली. गावात आता लावणारं कुणी नाही. मी म्हटलं, मी राहतो तेच माझं गाव."

"पण इथे कुणाला वाचता येत नाही ते."

"न येऊ दे. कोण हा म्हणून विचारतील, मग सांगता येतं. मरण घरात कोंडायचं नसतं, बाई, दारावर लावायचं असतं." मग त्याने सहज विचारलं, "तुझा नवरा बऱ्याच दिवसांत दिसला नाही. इंडियातच आहे अजून?"

मार्चपासून शोभा गल्लीत सगळ्यांना हेच सांगत आली होती. खरं तर राजाराम ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच गेला, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मराठी मंडळाची माणसं तेरा दिवस डबे घेऊन येत राहिली. गल्लीला वाटलं, यांची काहीतरी पूजा असेल. सगळ्यांनी मान तिरकी करून 'सो सॉरी' म्हणायचं आणि कुत्र्याला घेऊन पुढे निघायचं, ते तिला नको होतं. प्लेनोहून लेक रोज फोनवर म्हणायची, "आई, यू हॅव टू टेल देम." आणि ही म्हणायची, "सांगेन गं."

"नाही," शोभा म्हणाली. तिने रिकामी वाटी खाली ठेवली आणि कागदाच्या काळ्या चौकटीवर बोट टेकवलं.

स्तोयानने दुसरी वाटी तिच्यापुढे सरकवली.

"ही त्याच्या नावाने," तो म्हणाला.

शोभा हमसून हमसून रडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही परक्याच्या स्वयंपाकघरात. नोटीस पर्समध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत पुन्हा फोन वाजला. लिंडाच होती.

"शोभा, तो बंदूकवाला परत आलाय! आणि त्याच्या शेजारी आणखी एक कागद आहे. तुमच्या दारावरही तोच दिसतोय. इट लुक्स लाइक राजाराम. खाली काय लिहिलंय ते वाचता येत नाही. कुणी चेष्टा केली का?"

कुकरमध्ये गहू शिजत होते. शोभाने गॅस बारीक केला आणि फडताळातून सहा वाट्या काढल्या.

"मीच लावलाय," ती म्हणाली. "घरी ये लिंडा, सांगते."