दाराखालचा पत्रा

कुशीवर आडवं पडून डेंटरनं दाराखालच्या पत्र्यावर पुट्टीचा तिसरा थर चढवला आणि स्वतःलाच एक शिवी हासडली.

पत्रा चांगला होता. तीच तर पंचाईत होती.

लोकांच्या गाड्या आरशासारख्या करणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी खालून गंजून चाळण झाली होती. गेल्या आठवड्यात शाळेतून आल्या आल्या बायकोनं फर्मान काढलं होतं, "गाडी विकायची. गिऱ्हाईक मिळालंय. पण तो सडका पत्रा बदलल्याशिवाय बघायलाही येणार नाही म्हणतंय."

डेंटर हो म्हणाला. नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

पण गाडी बापाची. हिच्याच अंगावर तो हातोडी धरायला शिकला होता. ती जाऊ द्यायची? छे!

बेत सोपा होता. काम इतकं भिकार करायचं की गिऱ्हाईक आल्या पावली पळालं पाहिजे.

हात ऐकतील तर ना! दाराची चौकट हलू नये म्हणून त्यानं आत आडवी सळई डकवली. सडकं कापलं. नवा पत्रा दुमडला, बसवला, वेल्डिंग केलं, घासलं. शेवटी बघतो तर दाराला नुसतं बोट लावलं की 'टक्' करून बंद. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. गाढवा, असल्या कामानं गाडी उभ्या उभ्या विकली जाईल!

म्हणून पुट्टी. सोन्यासारख्या पत्र्यावर बोटभर पुट्टी आणि वर रंग. पुट्टी दिसली की खाली गंज, हे जुन्या गाड्या घेणाऱ्या कुणालाही कळतं.

रंग वाळतो न वाळतो तोच शेडमध्ये चार पाय आले. जमिनीवर पडलेल्या माणसाला जग पायांपुरतंच दिसतं. बायकोच्या चपला. शेजारी चकचकीत बूट.

"या साहेब. मालक इथेच आहेत. खाली."

"नमस्कार," बूट म्हणाले.

"बघा, हवं तसं बघा. लपवण्यासारखं काही नाही," डेंटर म्हणाला. इतकं धडधडीत खोटं तो पहिल्यांदाच बोलत होता.

बूट गाडीभोवती फिरले. खिशातून चुंबक निघाला. डेंटरचा जीव भांड्यात पडला. माणूस जाणकार! चुंबक टपावर बसला, टक्. दारावर बसला, टक्. पुन्हा टपावर.

अहो, खाली! डेंटर मनातल्या मनात ओरडला.

चपला पाऊलभर सरकल्या. बूटही सरकले. गुडघे वाकले. चुंबक दाराखाली टेकला आणि टप्पकन जमिनीवर पडला.

"अरेरे," बूट म्हणाले.

"काय झालं?" बायकोचा आवाज चढला.

"बाई, ही तर नुसती पुट्टी. पत्रा कुठाय?"

"अहो! हे काय करून ठेवलंत? जन्मभर दुसऱ्यांना पुट्टीवरून बोललात ना?"

"वय झालं गं," डेंटर पडेल आवाजात म्हणाला. "डोळे साथ देत नाहीत."

"माफ करा, मला नको ही गाडी."

"निदान चहा तरी घ्या. काय बोलायचं आता!"

चपला आणि बूट घराकडे गेले.

डेंटरनं आधी मूठ तोंडात कोंबून पोटभर हसून घेतलं. मग खरवडणी उचलली. पुट्टीच्या ढलप्या पडू लागल्या, खालून पत्रा चकाकू लागला. "कुठे जात नाहीस तू," तो पत्र्याला म्हणाला. शीळ घालत त्यानं कोपरा न् कोपरा साफ केला.

शेवटची ढलपी पडली आणि डोक्यापाशी चपला दिसल्या. त्या उचलल्या गेल्या, दार लागलं. टक्. मग बूट. तेही वर गेले, मागचं दार लागलं. टक्. गाडी स्प्रिंगांवर जराशी बसली.

"पुट्टी खरवडून झाली असेल तर उठा, हात धुवा, आपल्याला सरांना घरी सोडायचंय," बायको खिडकीतून म्हणाली. "दोन वर्षं घसा कोरडा केला, पण गिऱ्हाईक आणल्याशिवाय तुमचा हात काही त्या पत्र्याला लागला नाही. बिचारे आमच्या शाळेत गाणं शिकवतात हो, चुंबकही मीच दिलेला, त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही."